मांडवली झाली, आता कागद कोणता?

आमच्या सोसायटीच्या कपाटात एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. तिच्यात एक स्टँपपेपर आहे. चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममधून तिसऱ्या मजल्यावर होणारी गळती चौथ्या मजल्याने दोन महिन्यांत स्वखर्चाने थांबवावी, असं त्यावर टाइप केलेलं आहे. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. साक्षीदारांपैकी एक मी. सह्या झाल्या त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळ्यांना चहा पाठवला होता, आणि जिन्यात जो तो म्हणत होता, चला, मांडवली झाली एकदाची.

दोन महिने गेले, चार गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पलंगावर छताचा पोपडा पडला तेव्हा ते ती फाइल काखेत घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पोलिसांनी बरोबर तेच सांगितलं जे सांगायला हवं होतं : हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. कोर्ट नाक्यावरच्या वकिलांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘काका, हा करार आहे. हा मोडला म्हणून दावा लावता येईल. पण हा काही हुकूमनामा नाही.’ काकांचा चेहरा मला आजही आठवतो. शिक्का आहे, सह्या आहेत, स्टँप आहे, आणि तरी पहिल्यापासून सुरुवात करायची!

मी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं काढली, पुढे विधी स्वयंसेवक म्हणूनही थोडं काम केलं. कळवा, खारेगाव, विटावा या पट्ट्यात भांडणं मिटवणाऱ्यांची कमतरता नाही. गावकीतले जुनेजाणते आहेत, नगरसेवकाचं ऑफिस आहे, मंडळाचे अध्यक्ष आहेत, सोसायटीची कमिटी आहे. समेट घडतो. अडतं ते पुढे, एक बाजू शब्द फिरवते तेव्हा. त्या वेळी तुमच्या हातातला कागद कायद्याच्या तराजूत किती वजनाचा आहे, हे तो समेट कोणत्या दारातून बाहेर आला त्यावर ठरतं. ती दारं कोणती आणि त्यातून मिळणाऱ्या कागदाचं वजन किती, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

नोटरीच्या कागदाबद्दलचा गैरसमज आधी दूर करतो, कारण आपल्याकडे तो घरोघरी आहे. नोटरी सही ओळखतो आणि तारीख पक्की करतो. मजकुराला तो कोर्टाच्या आदेशाचं बळ देत नाही. स्टँप पाचशेचा घेतला म्हणूनही ते येत नाही. खासगीत झालेली तडजोड म्हणजे १८७२च्या करार कायद्याखालचा करार. ती पुरावा म्हणून उपयोगी आहे, कधीकधी फार उपयोगी आहे, त्यामुळे फाडून टाकू नका. पण समोरच्याने पाळली नाही तर तुम्हाला त्या करारावर नवा दावा दाखल करावा लागतो, समन्स, कैफियत, पुरावा या सगळ्यातून जावं लागतं. हुकूमनामा हातात असेल तर दाव्याची गरज नाही. थेट दरखास्त दाखल करायची, म्हणजे ‘ठरलंय ते कोर्टाने वसूल करून द्यावं’ असा अर्ज. आणि दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला साधारणपणे बारा वर्षांची मुदत असते.

आता शब्द. मध्यस्थी, सलोखा, लवाद, लोकअदालत हे चारही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच पाय घसरतो. लवाद हा खासगी न्यायाधीश. तो निवाडा देतो आणि तो तुम्हाला मानावा लागतो, पटो वा न पटो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना बोलतं करतो, आणि तडजोड झाली तर ती त्या दोघांची असते. सलोखाकाराची भूमिका त्याहून एक पाऊल पुढची. १९९६च्या लवाद आणि सलोखा कायद्याच्या तिसऱ्या भागात, कलम ६१ ते ८१मध्ये, त्याची कामं लिहिली आहेत. तो स्वतः तोडग्याचा मसुदा सुचवू शकतो, मात्र लादू शकत नाही. त्याच्यासमोर होऊन सह्या झालेल्या, त्याने प्रमाणित केलेल्या समझोत्याला कलम ७४ने लवादाच्या निवाड्याचा दर्जा दिला आहे, म्हणजे तो हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. पण त्यासाठी वाद झाल्यावर एका बाजूने लेखी निमंत्रण, दुसऱ्या बाजूची लेखी मान्यता, आणि कायद्यात सांगितलेल्या पायऱ्या हव्यात. चाळीच्या पडवीत पंचांनी बसून केलेल्या समेटाला नंतर ‘हा सलोखाच होता’ असं नाव देऊन हा दर्जा मिळत नाही.

कोर्टात दावा आधीच चालू असेल तर सगळ्यात भरवशाचं दार तिथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९. १९९९च्या दुरुस्तीने ते आलं आणि १ जुलै २००२पासून लागू झालं. तडजोडीची शक्यता दिसली तर न्यायाधीशांनी प्रकरण लवाद, सलोखा, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवावं, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या अ‍ॅफकॉन्स खटल्यात या कलमाची गुंतागुंत सोडवली. त्यातलं पक्षकारांच्या कामाचं वाक्य एवढंच : लवाद आणि सलोख्याकडे पाठवायला दोन्ही बाजूंची संमती हवी, मध्यस्थीकडे मात्र कोर्ट संमतीशिवायही पाठवू शकतं. म्हणजे मध्यस्थाच्या खोलीत बसायला तुम्हाला कोर्ट सांगू शकतं. तडजोड करायला कुणीच भाग पाडू शकत नाही. बसलात, ऐकलंत, पटलं नाही, तर ‘तडजोड झाली नाही’ एवढाच शेरा घेऊन प्रकरण परत न्यायाधीशांकडे जातं.

आत काय बोललात ते न्यायाधीशांना कळत नाही. हा नियम लोकांना खरा वाटत नाही, म्हणून जोर देऊन सांगतो. २०१०मध्येच मोतीराम विरुद्ध अशोककुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मध्यस्थाने कोर्टाला तडजोडीचा करार पाठवावा किंवा ती झाली नाही एवढं कळवावं, आत कोण काय म्हणालं ते कळवू नये. तुम्ही आत म्हणालात की ‘दोन लाख सोडायला तयार आहे’, तर ते वाक्य उद्या तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. त्यामुळे मध्यस्थासमोर हात राखून बोलू नका.

आमच्या काकांचं प्रकरण याच वाटेने गेलं. दावा लागला आणि काही तारखांनी मध्यस्थीला पाठवला गेला. दोघांच्याही विनंतीवरून पहिल्या एकत्र बैठकीला मी बसलो होतो. टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जग. मध्यस्थ म्हणून एक वकील बाई. त्यांनी आधी काकांना बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. काकांनी ओल्या झालेल्या भिंतीचे, काळ्या बुरशीचे, पोपडा पडलेल्या पलंगाचे फोटो मोबाइलवर दाखवले. मग वहिनी बोलल्या. मग दोघांना वेगवेगळं बसवून बोलणं झालं, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. आतलं बोलणं बाईंनी ना काकांना सांगितलं ना मला. वहिनींनी मला पुढे कधीतरी स्वतःहून सांगितलं, आणि लिहायला हरकत नाही असंही म्हणाल्या. त्यांच्या घरात त्या वर्षी पगार बंद होता, सगळी लादी उखडून काम करण्याइतके पैसे नव्हते, आणि हे काकांसमोर बोलायची लाज वाटत होती. स्टँपपेपरवरच्या ‘दोन महिन्यांत स्वखर्चाने’ या शब्दांवर त्यांनी सही केली होती ती चार लोकांसमोर नाही म्हणता येईना म्हणून.

मध्यस्थ बाईंनी ते उघड न करता कागद वेगळा लिहवला. कामाचा खर्च वहिनींचाच, कारण फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती तो फ्लॅटवालाच दुरुस्त करतो. पण रक्कम ठरलेली, तीन हप्त्यांत, तारखांसह. काम करणारा प्लंबर दोघांनी मिळून नेमायचा. काम संपल्यावर बाथरूममध्ये एक दिवस पाणी भरून ठेवायचं आणि काकांनी खाली सिलिंग पाहून लेखी कळवायचं. हप्ता चुकला तर किती दिवसांनी काय, तेही लिहिलं. दोघांनी सही केली, वकिलांनी केली, कागद न्यायाधीशांसमोर गेला. त्यांनी दोघांना विचारलं, ‘समजून सही केलीत ना?’ आणि तडजोडीप्रमाणे हुकूमनामा झाला.

या ‘तडजोडीच्या हुकूमनाम्या’चं एक कडक वैशिष्ट्य आहे. त्यावर नेहमीचं अपील नाही, आणि तो रद्द करा म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही. फसवून किंवा न समजता सही घेतली असेल तर ज्या कोर्टाने तो नोंदवला त्याच कोर्टाकडे दाद मागायची. म्हणून सही स्वतः करा. वकिलांवर विश्वास असतोच, पण तडजोडीवर सही करण्याआधी वकिलाला पक्षकाराची स्पष्ट परवानगी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलेलं आहे. कागद मराठीत वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर एकेक ओळ मराठीत सांगायला लावा, वेळ लागला तरी.

अजून दावाच केला नसेल तर? मग ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कळवा ठाणे तालुक्यात, म्हणून आपलं कोर्ट आणि प्राधिकरण ठाण्याला. कळवा पूल ओलांडला की कोर्ट नाका आलाच. डोंबिवलीकरांना कल्याणचं कोर्ट आहे. प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो, म्हणजे खटला न भरता समोरच्याला नोटीस जाते आणि लोकअदालतीत बोलणी होतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम २१ हे या साऱ्या विषयातलं सगळ्यात ताकदीचं कलम आहे असं मी मानतो. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. तो अंतिम, त्यावर अपील नाही. आणि कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत. लोकअदालतीची वेगळी फी नसते.

हातउसने दिले, चेक वटला नाही, अशा प्रकरणांत हे दार फार कामाचं. चेक न वटल्याचा खटला फौजदारी स्वरूपाचा असतो, तरी तो लोकअदालतीत मिटला तर तो निवाडाही दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो, असं २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोविंदन कुट्टी मेनन प्रकरणात सांगितलं. समोरचा पुन्हा फिरला तर तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहत नाही.

वीज, पाणी, टपाल, टेलिफोन, वाहतूक, दवाखाना, विमा अशा सेवांबाबतची तक्रार असेल तर कायमस्वरूपी लोकअदालत हे वेगळं दार आहे. नाव सारखं असलं तरी स्वभाव वेगळा. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि तो फसला तर एक कोटी रुपयांपर्यंतच्या वादात ती स्वतः निकालही देऊ शकते. साध्या लोकअदालतीत तसं नाही, एकमत झालं नाही तर कागद परत. तेव्हा अर्ज करताना कुठल्या लोकअदालतीचा अर्ज आहे हे विचारून घ्या.

वकील परवडत नाही हे कारण सांगून घरी बसू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, आणि इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. १५१०० या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते.

घर घेतलेल्यांसाठी एक खास दार आहे, आणि ते महाराष्ट्राने उघडलं याचा मला अभिमान आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यात कलम ३२(ग) हे एक छोटं कलम आहे. ग्राहकांच्या किंवा बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी सलोख्याचे मंच उभारावेत आणि नियामक प्राधिकरणाने त्याला मदत करावी, असं ते म्हणतं. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातल्या या नियामक प्राधिकरणाने, २०१८मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आणि बिल्डरांच्या संघटनांना सोबत घेऊन सलोखा मंच सुरू केला. दोन सलोखाकार बसतात, एक ग्राहकांच्या बाजूचा, एक व्यावसायिकांच्या बाजूचा. ताबा रखडला, पार्किंग दिलं नाही, व्याज द्यायला टाळाटाळ, अशा तक्रारी तिथे जातात. पण दोघांची संमती हवी, बिल्डर आलाच नाही तर मंच त्याला ओढून आणू शकत नाही. आणि मिटलं तर ठरलेल्या अटी महारेरापुढे नोंदवून त्यावर आदेश घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या मार्चमध्ये ताबा देतो हे वाक्य नुसत्या मीटिंगच्या टिपणात राहिलं तर मार्च येतो आणि जातो. आणखी एक : प्रकल्पाची महारेरा नोंदणीच नसेल तर बोलण्यांत वेळ घालवण्याआधी वकिलाला भेटा. आपल्या भागात बांधकाम अधिकृत आहे की नाही हा प्रश्न साधा नाही, आणि अनधिकृत बांधकाम कुणाच्याही सलोख्याने अधिकृत होत नाही.

फ्रिज, कोचिंग क्लासची फी, विम्याचा क्लेम अशा तक्रारींसाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २० जुलै २०२०पासून लागू झाला, आणि त्यात मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरणच आहे. ग्राहक आयोगाला तडजोडीची शक्यता दिसली तर तो दोघांची लेखी संमती घेऊन प्रकरण मध्यस्थी कक्षाकडे पाठवतो. वैद्यकीय निष्काळजीपणातून मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर मात्र ते प्रकरण तिथे जात नाही, आणि जाऊही नये.

दुकानदार आणि लघुउद्योजक बंधूंनो, तुमच्यासाठी मध्यस्थीचं दार ऐच्छिक नाही. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अप्रमाणे, वाद व्यापारी स्वरूपाचा असेल, रक्कम तीन लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन प्रकरणात ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचं आहे असं निःसंदिग्धपणे सांगितलं. ही पायरी चुकवून लावलेला दावा दारातूनच परत येतो. तीन महिन्यांची मुदत, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने, आणि हा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला जातो. मिटलं तर त्या करारालाही लवादाच्या निवाड्याचं बळ.

मुदतीचं नाव निघालंच आहे तर इथे थांबतो. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नुकसान भांडणाने झालेलं नाही. ते झालंय ‘बोलणी चालू आहेत’ या वाक्याने. उसने पैसे परत मागायला साधारण तीन वर्षं, ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. घरगुती बैठका, फोनवरची आश्वासनं, ‘गणपतीनंतर बघू’ यांनी ही मुदत थांबत नाही, घड्याळ चालूच राहतं. समोरचा खरोखर प्रामाणिक असेल तर त्याच्याकडून मुदत संपण्याआधी लेखी, सही-तारखेसह कबुली घ्या : अमुक रक्कम देणं आहे. त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यानंतर घेतलेल्या कबुलीला ते बळ नसतं. कॅलेंडरवर शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी लाल खूण करा. त्या दिवसापर्यंत मिटलं नाही तर वकिलाकडे जा. दावा लावूनही बोलणी करता येतात, आमच्या काकांनी तेच केलं.

आता २०२३चा मध्यस्थता अधिनियम. बरेच जण विचारतात, ‘नवा कायदा आलाय ना, मग आता कुठलीही मध्यस्थी म्हणजे हुकूमनामा?’ सावकाश. सप्टेंबर २०२३मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि ९ ऑक्टोबर २०२३ला त्यातली काही कलमं लागू करण्यात आली. बहुतांशी भारतीय मध्यस्थता परिषद आणि नियम करण्याचे अधिकार यांबद्दलची. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं कलम २७ त्या अधिसूचनेत नव्हतं. मध्यस्थीतून झालेला करार हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात येईल, असं ते कलम म्हणतं. सलोखा हा मध्यस्थीचाच प्रकार मानून दोन्ही शब्द एका छत्राखाली आणायचे, हीही या कायद्याची योजना आहे. पण संबंधित कलमं लागू होईपर्यंत १९९६च्या कायद्याचा तिसरा भाग जागेवर आहे. म्हणून खासगी मध्यस्थाकडे जाणार असाल तर सही करण्याच्या दिवशी वकिलाला नेमका प्रश्न विचारा : ‘कलम २७ आज लागू आहे का? नसेल तर हा करार कोणत्या कायद्याखाली वसूल होईल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर तोच करार कोर्टातून किंवा लोकअदालतीतून नोंदवून घ्या.

याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची कल्पना आहे, वस्तीतली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांचं मंडळ. आपल्या गावकीला जवळची वाटावी अशी गोष्ट. पण तिथला करार हुकूमनाम्याप्रमाणे वसूल होणार नाही, असं कायद्यानेच लिहून ठेवलं आहे. गावाकडच्या तंटामुक्त समितीबद्दलही हेच ध्यानात ठेवा. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांध-रस्त्याची कित्येक भांडणं तिने गावातच मिटवली. कळव्यातल्या अनेकांचं घर कोकणात नाहीतर घाटावर आहे, त्यामुळे गावच्या समितीसमोर सही करण्याचा प्रसंग येतो. समितीसमोरची तडजोड चांगलीच, मात्र तिला हुकूमनाम्याचं बळ हवं असेल तर पुढे लोकअदालतीची पायरी चढावी लागेल.

गावकीचे पंच समेट घडवतात तोवर ठीक. दंड लावला, वाळीत टाकलं, लग्नाकार्याला बोलावू नका असं फर्मान काढलं, की ती मध्यस्थी राहत नाही, गुन्हा होतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७पासून लागू आहे, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा बैठकीत दडपणाखाली सही करू नका, केली असेल तर घाबरून गप्प बसू नका.

काही गोष्टी मिटवायच्या नसतातच. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार, बलात्कार, यात ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही मोठा माणूस असो. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांतला खटला तडजोडीच्या आधारे रद्द करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या ग्यानसिंग निकालात म्हटलं आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आलेल्या बाईला ‘आधी मध्यस्थी कर’ असं सांगणं मला पटत नाही. आधी तिची सुरक्षितता, संरक्षण अधिकारी, कोर्टाचा आदेश. बोलायचं की नाही ते तिने ठरवायचं, तिच्या सासरच्यांनी किंवा आपण नव्हे. पोटगी, मुलांचा ताबा, दागिने परत करणं या मुद्द्यांवर कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक चांगलं काम करतात, पण दोन्ही बाजू सारख्या पायरीवर बसलेल्या असतील तेव्हा.

भावंडांमधल्या वाटणीबद्दल थोडक्यात. आई-वडिलांची खोली, गावची जमीन. आधी तोंडी वाटणी झाली आणि नंतर आठवण म्हणून टिपण केलं, तर त्या टिपणाला नोंदणी लागत नाही, असं १९७६च्या काळे प्रकरणापासून मानलं जातं. पण कागदानेच हक्क दिला-घेतला जात असेल तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलं. घरी बसून ‘बहिणीने हक्क सोडला’ असं साध्या कागदावर लिहून घेतात, ते हक्कसोड पत्र नव्हे. बहिणीची खरी संमती असेल तर तिच्यासोबत दुय्यम निबंधकाकडे जा. तिच्या मनात नसेल तर तो कागद लिहूच नका.

शेवटी कागद लिहिण्याबद्दल, कारण दार योग्य असलं तरी मोघम मजकुराने दरखास्त लंगडी पडते. ‘सहकार्य करावे’, ‘लवकरात लवकर’, ‘योग्य ती रक्कम’ हे शब्द तडजोडीत नकोत. त्यांची अंमलबजावणी बेलीफ कशी करणार? रक्कम आकड्यात आणि अक्षरात, तारीख, कोणत्या खात्यात, कोणत्या मार्गाने. एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम देय होईल का, व्याज किती. जागेचा प्रश्न असेल तर फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा. एकमेकांवरचे कोणते खटले कोण, केव्हा मागे घेणार. सोसायटीची थकबाकी असेल तर ती कोणत्या महिन्यापर्यंतची. दुबईत किंवा पुण्यात असलेला भाऊ पक्षकार असेल तर त्याची सही कशी येणार, मुखत्यारपत्रात तडजोडीचा अधिकार शब्दात लिहिलेला आहे का. आणि काम झाल्याची खूण काय.

काकांच्या हुकूमनाम्यात ती खूण होती, म्हणून ठरल्या दिवशी वहिनींनी बाथरूमच्या मोरीला कापडाचा बोळा लावून चार बोटं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं खाली काकांच्या खोलीत छताकडे बघत उभे होतो. काकांनी स्टूलवर चढून जुन्या डागावर तळहात फिरवला, हात शर्टाला पुसला, आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.